घातलंस मां गो?

गुरुदासबाब, तुम्ही चुकलात.

हे वाक्य तुमच्या तोंडावर म्हणायची मी चौदा वर्षं वाट बघितली. म्हणायची वेळ आली तेव्हा ऐकायला तुम्ही नव्हतात. तुमचा स्वभावच होता तो. वाद हरायची चिन्हं दिसली की चहा प्यायला निघून जायचं. या वेळी जरा लांब गेलात.

काल तुमचं बारावं झालं. धारगळला तुमच्या घरी जाऊन जेवून आले, आणि आज लॅबमध्ये तुमच्या खुर्चीवर बसून हे लिहिते आहे. या खुर्चीवर बसायची कुणाची हिंमत होत नव्हती. मी बसले, कारण माझी खुर्ची मोडकी आहे आणि ही चांगली आहे. लोक तुमच्याबद्दल काय काय चांगलं बोलतात ते मी लिहिणार नाही, ते सगळं बोलून झालं आहे. पेपरात फोटोही आला. त्यात तुम्ही अगदी गरीब स्वभावाचे दिसता, म्हणजे फोटो खोटा आहे.

डिचोलीहून दोन बसगाड्या बदलून मी पहिल्या दिवशी म्हापशाला इस्पितळाच्या या लॅबमध्ये आले, तेव्हा तुम्ही माझं सर्टिफिकेट उघडूनसुद्धा बघितलं नाही. रंगवलेली काचपट्टी हातात दिलीत, जनेलाकडे उजेडात धरायला लावलीत आणि विचारलंत, "काय दिसता?" मी म्हटलं, काही नाही, जांभळा डाग आहे. "मगे तू शिकलंस खंय?" तुम्ही म्हणालात, "डाग बघ. ह्यो जाड आसा. पेशी भरपूर आसत. सूक्ष्मदर्शकाखाली घालूच्या आधी तुका कळाक व्हया, की ह्या माणसाचां कायतरी बिनसलां." मग काचपट्टी भिंगाखाली घालून मला तासभर उभी ठेवलीत. पेशीचा आकार, केंद्रकाची घडी, भोवतालचा निळसर भाग, त्यातले दाणे. "पेशीचां तोंड बघ गो. तोंड सगळां सांगता." त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं की माणूस राक्षस आहे. आईने विचारलं, शिकवतो का? मी म्हटलं, शिकवतो. तेव्हा आई म्हणाली, मग जा उद्या.

गेले. चौदा वर्षं जात राहिले. रक्तातल्या पेशी बघायला मला तुम्ही शिकवलंत, आणि हे ऋण मी नाकारत नाही. पण ऋणाबरोबर तुम्ही आणखी एक गोष्ट दिलीत. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

मी लागल्यावर दुसऱ्या वर्षी आपल्याकडे फ्लो सायटोमीटर आलं. ते शिकायला आपल्या लॅबच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी मला बंगळुरूला पाठवलं. तुम्ही जायला नकार दिलात आणि मशीनचं नाव ठेवलंत टीव्ही. "तुझो टीव्ही काय म्हणता?" हा तुमचा रोजचा प्रश्न. मशीन काय करतं हे मी तुम्हाला किती वेळा सांगायला आले, तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. आता घ्या. आता मध्ये बोलता येणार नाही तुम्हाला.

पेशीच्या अंगावर खुणा असतात, गुरुदासबाब. प्रथिनांच्या. तुमच्या भिंगातून त्या कधीच दिसल्या नाहीत आणि दिसणारही नव्हत्या. प्रत्येक खुणेला चिकटणारं एक प्रतिद्रव्य मिळतं, त्याला चमकणारा रंग लावलेला असतो. नळीत रक्त घ्यायचं, त्यात थेंबभर प्रतिद्रव्य घालायचं, अंधारात ठेवायचं, धुवायचं, आणि मशीनला द्यायचं. मशीन एकेका पेशीवर लेझर मारतं. पेशी चमकली तर ती खूण आहे. चमकली नाही तर नाही. दोन ल्युकेमिया तोंडावरून सख्खे भाऊ दिसत असले तरी अंगावरच्या खुणांवरून वेगळे निघतात, आणि वेगळे निघाले की औषधही वेगळं होतं. एवढंच आहे ते. टीव्ही नाही.

तुमचा डोळा थोर होता, हे मी तेव्हाही मान्य करत होते. पेडणे-म्हापसा गाडीवरचा तो कंडक्टर आठवतो? पंचविशीतला, हिरड्यांतून रक्त येतं म्हणून आला होता. माझ्या नळ्या अजून अंधारात होत्या आणि तुम्ही खुर्चीवरून उठलात. पेशीत जाडजाड दाणे आणि काड्यांच्या मोळ्या दिसल्या होत्या तुम्हाला. एम-थ्री. तीव्र ल्युकेमियाचा हा प्रकार असा, की पहिले काही दिवस निभावले तर माणूस बहुतेक बरा होतो, आणि नाही निभावले तर कुठेतरी रक्तस्राव होऊन दोन दिवसांत जातो. त्याचं औषध म्हणजे गोळ्या, जीवनसत्त्व 'अ'च्या घराण्यातल्या. संशय आला की पक्क्या रिपोर्टची वाट न बघता त्या तोंडात घालायच्या असतात. तुम्ही काचपट्टी हातात घेऊन जिना उतरलात, खालच्या वॉर्डात गेलात, आणि गोळ्या सुरू करूनच वर आलात. माझ्या मशीनने तेच सांगितलं, पण तासाभराने. "बघलंस?" तुम्ही म्हणालात, "तुझो टीव्ही अजून जाहिराती दाखयता." तो कंडक्टर आजही तिकिटं फाडतो. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला की मी तुमच्यासाठी भाजी आणि उंडे पाव आणले, आणि तुम्ही उंडे शिळे आहेत म्हणालात.

आणि त्याच वर्षी माझी चूक झाली.

एका म्हातारीचं रक्त होतं. सगळ्या खुणा लावल्या, त्यातली एच.एल.ए.-डी.आर. ही निगेटिव्ह आली. आपण तिला नुसतं डी.आर. म्हणतो. एम-थ्रीच्या पेशींवर डी.आर. नसतो, म्हणून मी घाईघाईने मॅडमना सांगितलं, एम-थ्री आहे. गोळ्या मागवल्या गेल्या. तेवढ्यात तुम्ही काचपट्टी घेऊन आलात, माझ्या शेजारी उभे राहिलात आणि अगदी मऊ आवाजात विचारलंत, "ह्यां एम-थ्री न्हय. डी.आर. घातलंस मां गो?"

फ्रिज उघडून बघितलं. डी.आर.च्या कुपीचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. मी ते प्रतिद्रव्य नळीत घालायलाच विसरले होते. म्हातारीचं काही बिघडलं नाही, गोळ्या वेळेत थांबल्या. बिघडलं ते माझं.

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. ओरडणं विसरता येतं. तुम्ही त्या तीन शब्दांचा खेळ केलात. कुठलीही खूण निगेटिव्ह आली की पलीकडच्या टेबलावरून आवाज यायचा, "घातलंस मां गो?" चहा दिला की, साखर घातलंस मां गो? शिकाऊ पोरींसमोर, मॅडमसमोर, कंपनीच्या माणसासमोर. माझ्या लग्नात हॉलमध्ये दोनशे माणसांसमोर तुम्ही माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलंत, "मंगळसूत्र घातलंस मां रे? बघ हां, हिच्याकडे विसरण्याची साथ आसा." सगळे हसले. मीही हसले. नवऱ्याने घरी आल्यावर विचारलं, काय भानगड आहे, आणि मी सांगताना रडले. हे तुम्हाला कधी कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी एक कागद तयार केला. प्रत्येक नळीसाठी प्रत्येक प्रतिद्रव्याचं नाव, थेंब घातला की पुढे टिक. घातला नाही तर टिक नाही. तो कागद पुढे सगळ्या लॅबने उचलला. त्यानंतर एकदाही मी काही घालायला विसरले नाही. एकदाही. तुम्ही विचारायचं मात्र सोडलं नाहीत.

मग तो शनिवार.

महिनाभर तुम्ही दमत होतात. जिना चढताना मध्ये थांबायचात आणि फोन बघितल्याचं सोंग करायचात. पाव चहात बुडवून खाऊ लागलात, कारण चावलं की हिरड्या रक्ताळत होत्या. आम्ही सात माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तात डोकं घालून बसलो होतो आणि आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. सकाळी आठ वाजता तुम्ही शर्टाची बाही वर केलीत, माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, "काढ." दंडावर निळे डाग होते. मी सुई बाहेर काढली तर कापूस भिजला. दुसरा लावला, तोही भिजला. तुम्ही अंगठ्याने दाबून धरलंत आणि म्हणालात, "प्लेटलेट गेल्यात." शेजारच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी गेल्यात, अशा सुरात.

काचपट्टी तुम्ही स्वतः ओढलीत, स्वतः रंगवलीत. मग या खुर्चीवर बसून बघत राहिलात. मी ठेवलेला चहा गार झाला. शेवटी तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत आणि म्हणालात, "बस. तोंड बघ."

मी बघितलं. मोठ्या पेशी, केंद्रकाला मध्ये घडी, भोवती करडा निळा भाग, दाणे नाहीत. "मोनो," तुम्ही म्हणालात. "एम-फाइव्ह. माझ्या वयाक सा म्हयने. तेय जास्त सांगलंय." ल्युकेमियाचाच हा दुसरा प्रकार, पण याला त्या गोळ्या लागू पडत नाहीत. तुमच्या आवाजात भीती होती. खोटं कशाला बोलू, थोडा दिमाखही होता. स्वतःच्या मरणाचं निदान स्वतः केलंत, मशीनच्या आधी.

एम-थ्रीला एक लबाड भाऊ आहे, गुरुदासबाब. त्याचे दाणे इतके बारीक असतात की भिंगातून दिसत नाहीत, आणि केंद्रकाला घडी असते. तोंडावरून तो हुबेहूब मोनो दिसतो. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकातलं ते पान तुम्हीच मला दाखवलं होतंत, दोन चित्रं शेजारी शेजारी, खाली नावं. हाताने नावं झाकून विचारलंत, खंयचां खंयचां? मला सांगता आलं नाही. तुम्हालाही सांगता येत नव्हतं, ते मला दिसलं. तुम्ही पान उलटलंत आणि पुढच्या धड्यावर गेलात. त्याच पानावर दोन ओळी खाली लिहिलं होतं की अशा वेळी खुणा बघाव्यात.

मी म्हटलं, आजच दाखल व्हा. तुम्ही म्हणालात, "सोमवारी. आज बायलेक सांगतंय, आयताराक घरी जेवतंय, मगे तुमचां काय ता करा." मॅडम बेळगावला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या, त्यांना फोन करते म्हटलं तर नको म्हणालात. आणि दारातून निघताना माझ्या हातातल्या नळ्यांकडे बघून हसलात. "सोमवारी रिपोर्ट दी. आनी सगळां घाल हां."

हे तुमचे मला शेवटचे शब्द. माणसं जाताना आशीर्वाद देतात, निदान निरोप देतात.

बारा वाजता मशीनने निकाल दिला. तेहेतीस नंबरची खूण लख्ख, चौसष्ट मिणमिणती, चौदा नाही. आणि डी.आर. नाही. मोनोच्या पेशींवर डी.आर. असायला हवा. पडद्यावर एक ठिपका म्हणजे एक पेशी, चमकली तर उजवीकडे जाते. ठिपक्यांचा सगळा ढग डावीकडे, कोरडा. मशीन मला स्पष्ट सांगत होतं, हा मोनो नाही, एम-थ्री आहे, खाली धाव, गोळ्या मागव, धारगळला फोन कर.

आणि माझ्या कानात तुमचा आवाज आला. घातलंस मां गो?

मी कागद बघितला. डी.आर.पुढे माझ्या पेनाची टिक होती. माझ्याच हाताची खूण आणि मला ती पटली नाही. वाटलं, त्यांचं रक्त म्हणून लक्ष ठिकाणावर नव्हतं, टिक केली आणि थेंब घालायला विसरले. मोनो आहे असं तुम्ही सांगितलेलं. तुमचा डोळा आणि माझी टिक यांत मी तुमचा डोळा धरला. इतकी वर्षं मी मशीनच्या बाजूने भांडले, आणि ज्या एका दिवशी भांडायचं होतं त्या दिवशी मुकाट तुमच्या बाजूला जाऊन उभी राहिले. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

पुन्हा नळी लावली. या वेळी थेंब पडताना मोठ्याने म्हटलं, घातलं. तीन वाजता तेच. निगेटिव्ह. मग म्हटलं, कुपीच खराब झाली असणार, गुरुवारी करंट गेला होता तेव्हा फ्रिज बंद होता. नवी कुपी सोमवारी येणार होती. मी टेबल पुसलं. फोन हातात घेतला, तुमचं नाव काढलं. बोट वर धरून उभी राहिले. काय सांगणार होते? डी.आर. येत नाही? पुढचा प्रश्न मला पाठ होता. रविवारच्या जेवणावर तुम्ही तो वहिनींना हसत हसत सांगणार, सोमवारी वॉर्डात खाटेवर पडल्या पडल्या नर्सला सांगणार. मरतानासुद्धा. मी फोन पर्समध्ये टाकला आणि पाचची डिचोली गाडी पकडली.

एवढंच झालं. यापेक्षा मोठं काही घडलं नाही.

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. पोदेराचा भोंपू वाजला म्हणून तुम्ही पाव घ्यायला फाटकापर्यंत गेलात, चार उंडे घेतलेत, डोकं दुखतं म्हणालात आणि पायरीवर बसलात. "हे उठनत नाय गो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डॉक्टरला करायच्या आधी मला फोन केला होता, कारण घरात तुम्ही माझं नाव घ्यायचात म्हणे. आमच्या लॅबातलं चेडू हुशार आहे म्हणायचात. मला हे पहिल्यांदा तेव्हा कळलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारी सगळं संपलं.

सोमवारी नवी कुपी आली. मी तुमचं उरलेलं रक्त पुन्हा लावलं. परत आलेल्या मॅडमनी बघितलं. तिसऱ्यांदा निगेटिव्ह. तेव्हा मी शनिवारची पहिली नोंद उघडली आणि पडदा मोठा केला. शनिवारी मी मोठ्या ढगाभोवती चौकट आखून तेवढंच बघत बसले होते. चौकटीबाहेर, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, चाळीस-पन्नास ठिपके होते. कुणाच्याही रक्तात थोड्या निरोगी बी-पेशी शिल्लक असतात आणि त्यांच्यावर डी.आर. असतोच. ते ठिपके लख्ख चमकत होते. त्याच नळीत, त्याच थेंबाने. म्हणजे प्रतिद्रव्य पहिल्या वेळीच घातलं गेलं होतं, आणि कुपीही चांगली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि हे मी शिकाऊ पोरींना पहिल्याच दिवशी सांगते, निगेटिव्ह आलं की कोपऱ्यातल्या बी-पेशी बघा. विचारा त्यांना.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या भल्या आहेत. म्हणाल्या, शनिवारी गोळी दिली असती तरी काहीजण जातातच, पहिल्या दिवसांतला रक्तस्राव औषधालाही ऐकत नाही, आणि दाखल न होता घरी गेले ते गुरुदासबाब स्वतः. सगळं खरं. मी यातला एकही शब्द खोडू शकत नाही. पण काहीजण जातात म्हणजे बाकीचे राहतात, हेही त्याच वाक्यात आहे. तुम्ही कुठल्या बाजूला गेला असता ते आता तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. नवव्या दिवशी बाहेरून जनुकाचा रिपोर्ट आला. एम-थ्री. दाणे न दिसणारा.

तुमचा राग येतो, गुरुदासबाब. तुम्ही वाईट होतात असं नाही, वाईट माणसाचं बोलणं मी कानाआड केलं असतं. तुम्ही चांगलं शिकवायचात म्हणून तुमचं सगळंच आत गेलं, शिकवणंही आणि टोमणाही, आणि आतून कुठलं कुठलं ते मला वेगळं काढता आलं नाही. आणि माझा राग तुमच्यापेक्षा मला जास्त येतो. चाळिशीला आलेली बाई मी. एका माणसाच्या हसण्याला भ्यायले.

काल तुमच्या घरी तो रिपोर्ट पर्समध्ये होता. पंगती उठल्या, पाहुणे हायवेवर गाड्या पकडायला गेले. वहिनी मागच्या पडवीत चिंचा फोडत बसल्या होत्या. बाराव्याच्या दिवशी कसलं काम काढलंत म्हटलं, तर म्हणाल्या, हात रिकामे राहिले की जमत नाही. मी शेजारी बसून चिंचोके वेगळे करू लागले.

"एक बरां झालां गो उज्वला," त्या म्हणाल्या. "हेंनी शनिवारी जेवताना माका सांगल्यानी, ह्यां दुखणां बरां होवचां नाय, सा म्हयने काढीन. मी रात्रभर देवाक सांगत होतंय, त्रास देव नको. देवान आयकलान. एका झटक्यात व्हेल्यान. सा म्हयने खाटेर बघूचे लागले आसते." मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं. "बरां होवचां नव्हतां मां ह्यां?"

गुरुदासबाब, होय म्हणणं किती सोपं होतं. तुमची लाज राहिली असती, माझी सुटका झाली असती आणि त्यांना उरलेल्या आयुष्याला पुरेल एवढा आधार राहिला असता. तिघांचंही भलं. मी तोंड उघडलं ते होय म्हणायलाच. पण मग तुमच्या नावापुढे कायमचं चुकीचं निदान राहिलं असतं, आणि चुकीच्या रिपोर्टवर सही करायची नाही हे मला तुम्हीच शिकवलंत. निदान मी स्वतःला असं सांगितलं. कदाचित मला एकटीला ते बाळगणं झेपत नव्हतं म्हणून मी त्यांच्या अंगावर टाकलं. कदाचित तुमच्यावर सूड घ्यायचा होता. मला अजून नीट कळलेलं नाही.

मी सांगितलं. हा दुसरा आजार होता, वहिनी, तोंडावरून तसाच दिसणारा. याला औषध होतं. शनिवारी दुपारी मशीनने सांगितलं होतं. मला वाटलं माझ्या हातून काहीतरी राहिलं, म्हणून मी सोमवारपर्यंत थांबले.

वहिनी रडल्या नाहीत. दोन चिंचा फोडल्या. टरफलं एका बाजूला केली.

"शनिवारी दुपारी," त्या म्हणाल्या. "दुपारी हे हयच बसलेले. फोन खिशात होतो. तू इचारूक नाय तेंका?"

"नाही."

"कित्याक?"

"हसतील म्हणून."

त्यांनी कोयता खाली ठेवला. पदराने हात पुसले, सावकाश, एकेक बोट. माझ्याकडे बघितलं नाही.

"हसले आसते गो," वहिनी म्हणाल्या. "पण आसते तरी."